साधी सर्दी छातीत कधी उतरते, आणि एरवी का उतरत नाही?

वातायन (धागालेखक)

पावसाळा लागला की आरोग्य विभागात दर दोन दिवसांनी "कफ हिरवा पडतोय, अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू करू का?" असा धागा निघतो. सगळीकडे तेच तेच टंकण्यापेक्षा एक धागा असू द्या, पुढे दुवा देता येईल. औषधांकडे नंतर येऊ. आधी हवा आत कशी जाते आणि तिला कुठे कुठे अडवलं जातं ते बघू.

माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू, सगळं तिच्याबरोबर येतं. कुठला कण कुठे अडकणार हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरतं. 10 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असेल तर नाकातच संपतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना आतून तीन-तीन वळणदार हाडं आहेत. त्यांच्यामुळे हवेला वळसे घ्यावे लागतात. हलकी हवा वळते, जड कणाला वळता येत नाही, तो ओल्या भिंतीवर आदळून चिकटतो. 5 ते 10 मायक्रॉनचे कण घशात आणि श्वासनलिकेच्या मोठ्या फाट्यांवर बसतात. खरी पंचाईत 1 ते 5 मायक्रॉनच्या कणांची, कारण ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात. क्षयाचे जंतू हवेत ज्या वाळलेल्या थेंबकणांतून तरंगतात ते नेमके याच मापाचे.

आता भिंतीकडे बघा. श्वासमार्गाच्या अस्तरावर दोन थर असतात. खालचा पातळ, पाण्यासारखा, साधारण 7 मायक्रॉन उंचीचा. त्याच्यावर चिकट थर. अस्तरातल्या एकेका पेशीवर सुमारे 200 सिलिया, म्हणजे सूक्ष्म रोम. त्यांची लांबीही 6-7 मायक्रॉनच. म्हणजे रोम पातळ थरात मोकळेपणी हलतात आणि फक्त टोकं वरच्या चिकट थराला लागतात. सेकंदाला 10 ते 15 झटके, सगळे घशाच्या दिशेने. श्वासनलिकेत हा सरकता पट्टा मिनिटाला 4 ते 10 मि.मी. वर सरकतो. घशाशी आलेला माल आपण नकळत गिळतो आणि पुढचं काम पोटातलं आम्ल करतं.

या रचनेत गोम आहे ती मापांची. खालचं पाणी आटलं की रोम चिकट थरात रुततात आणि पट्टा थांबतो. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात पेशींतली क्लोराइडची वाहिनी बिघडल्याने हेच होतं. काही मुलांत रोमांची मोटर असलेलं डायनीन हे प्रथिनच जन्मतः सदोष असतं. त्यांच्यात जंतू काही खास नसतात, नेहमीचेच असतात, पण लहानपणापासून सायनस, कान आणि छाती आलटून पालटून बिघडत राहतात. पट्टा बंद पडला की बाकी सगळं शाबूत असूनही काय होतं, ते या दोन आजारांत स्पष्ट दिसतं.

पेट्रीची_बशी

उत्तम सुरुवात. चिकट थरातल्या रसायनांबद्दल भर घालतो.

शेंबूड म्हणजे नुसता चिकटा नव्हे. त्यात लायसोझाइम असतं, जिवाणूंची भिंत कापणारं. फ्लेमिंगला ते 1921 मध्ये सापडलं ते सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या स्रावातच. पेनिसिलिनच्या सात वर्षं आधी. जोडीला लॅक्टोफेरिन, जे जिवाणूंच्या तोंडचं लोह पळवतं. आणि आयजीए जातीची प्रतिपिंडं, जी विषाणूला पेशीला चिकटूच देत नाहीत.

हे सगळं चुकवून विषाणू पेशीत शिरलाच, तर ती पेशी इंटरफेरॉन ही संदेश देणारी प्रथिनं सोडते (आयझॅक्स आणि लिंडेनमन, 1957). स्वतः वाचली नाही तरी शेजारच्या पेशींना सावध करते, आणि त्या आपला प्रथिनं बनवण्याचा कारभार आवरता घेतात. अंगदुखी, थंडी वाजणं, गळून जाणं यातलं पुष्कळसं या संदेशांमुळे होतं. त्यात विषाणूचा थेट हात कमी.

कोण कुठे शिरतो हे कुलूप-किल्लीवर ठरतं. राइनोव्हायरसला 33 ते 35 अंश तापमान मानवतं, म्हणून तो नाकात रमतो. माणसातला इन्फ्लुएन्झा पेशींच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रकारच्या सायालिक आम्लाला चिकटतो ते वरच्या श्वासमार्गात भरपूर असतं. पक्ष्यांतल्या इन्फ्लुएन्झाला लागणारा प्रकार माणसात मुख्यतः फुप्फुसात खोलवर असतो. म्हणून तो माणसाला सहजी लागत नाही, पण लागला तर थेट न्यूमोनिया होऊ शकतो. आरएसव्ही हा आणखी एक विषाणू तान्ह्या बाळांच्या सगळ्यात बारीक श्वासनलिका गाठतो. तिथे जरासं अस्तर सुजलं तरी नळी बंद.

राइनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी चालत नाही. बालवाडीतल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं यात काहीही बिघाड नाही. "इम्युनिटी कमी आहे" म्हणून त्याला पावडरी पाजू नका.

गारवा_२२

माहितीपूर्ण. एक नेहमीचा वाद मिटवा: पावसात भिजल्याने सर्दी होते की नाही? आई हो म्हणते, डॉक्टर नाही म्हणतात.

वातायन

@गारवा_२२, आईचं पूर्ण चूक नाही. विषाणू नसेल तर भिजून काहीही होणार नाही. पण तो आधीच नाकात येऊन बसला असेल तर? कार्डिफमध्ये 2005 साली 90 जणांचे पाय 20 मिनिटं गार पाण्यात ठेवले, दुसऱ्या 90 जणांचे रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या 5 जणांनी. विषाणूची तपासणी केली नव्हती, त्यामुळे याला पुरावा म्हणण्याआधी मी जरा थांबेन. पण कारण पटण्यासारखं आहे. अंग गारठलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, अस्तर थंड पडतं, आणि थंड अस्तरात इंटरफेरॉनची प्रतिक्रिया मंदावते. उंदरांच्या पेशींवर हे 33 आणि 37 अंशांची तुलना करून दाखवलेलं आहे.

पावसाळ्यातल्या सर्दीचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे: बंद खिडक्यांच्या खोल्या, बस आणि लोकलचे डबे.

आता मूळ प्रश्न. लोक "छातीत उतरली" म्हणतात तेव्हा तीनपैकी एक झालेलं असतं. पहिलं, नाकातला स्राव मागून घशात ओघळतो आणि आडवं पडलं की खोकला येतो. छाती स्वच्छ असते. दुसरं, श्वासनलिकांना सूज, म्हणजे ब्राँकायटिस. हाही बहुतेक वेळा विषाणूंचाच. खोकला दोन ते तीन आठवडे चालतो आणि आठव्या दिवशी लोकांचा धीर सुटतो. तिसरं, न्यूमोनिया. भीती याची.

न्यूमोनियाकडे जाणारी नेहमीची वाट अशी: इन्फ्लुएन्झा अस्तरातल्या रोमवाल्या पेशी मारतो आणि त्या झडून पडतात. पट्टा जागोजागी उघडा पडतो. न्यूमोकोकस हा जिवाणू पुष्कळ निरोगी लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकामागे एरवी गुमान राहत असतो. झोपेत घशातल्या लाळेचा एखादा थेंब खाली जाणं हे सगळ्यांचंच होतं. पट्टा चालू असताना तो परत वर येतो. आता येत नाही. शिवाय विषाणूविरुद्ध उठलेली इंटरफेरॉनची लाट वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशींचं जिवाणू गिळण्याचं काम काही दिवस मंद करते. वायुकोशांत रोम नसतातच, तिथे सगळा भरवसा याच पेशींवर. त्या कमी पडल्या की रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावल्या जातात. त्यांच्याबरोबर द्रवही पाझरतो आणि हवेची जागा भरून टाकतो. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी चुरचुर आणि ऑक्सिजनची घट त्यातूनच.

1918 ची साथ जूनमध्ये मुंबई बंदरात दिसली आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेने देशभर एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या साथीतल्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकेत पुन्हा तपासले, ते निष्कर्ष 2008 मध्ये आले. बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया होता.

घरी ओळखायची खूण: फ्लू उतरणीला लागतो, ताप एक-दोन दिवस जातो, माणूस जेवायला लागतो, आणि पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, छातीत एका बाजूला श्वास घेताना टोचतं. ही दुसरी चढण कधीही अंगावर काढू नये. अस्तर पूर्ववत व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात सिगारेट, उदबत्ती, चुलीचा धूर, फटाके यांच्यापासून लांब राहणं हा खरा उपचार आहे.

खलबत्ता

औषधांच्या काउंटरवरून बोलतो.

हिरवा-पिवळा रंग न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या हिरव्या एन्झाइमचा असतो. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येतोच. त्यावरून जिवाणू ठरत नाहीत. सायनससाठी अँटिबायोटिकचा विचार तेव्हाच, जेव्हा दहा दिवसांत जराही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, किंवा 39 अंशांवर ताप आणि पुवासारखा स्राव सलग तीन-चार दिवस राहिला. घशाचं वेगळं. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी: इथे स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असू शकतो आणि डॉक्टरांनी दिलेला पेनिसिलिन गटाचा दहा दिवसांचा कोर्स दहाच दिवस घ्यायचा. चौथ्या दिवशी घसा मोकळा होतो, पण गोळ्या सोडल्या तर संधिवाताच्या तापाचा आणि पुढे हृदयाच्या झडपांचा धोका उरतो.

सगळ्यात जास्त चुका पॅरासिटामॉलमध्ये होतात. मुलांसाठी एका वेळी किलोमागे 15 मि.ग्रॅ., दोन डोसांत सहा तास, दिवसाला चार डोस. 10 किलोच्या बाळाला 150 मि.ग्रॅ. झाले. आता बाटली वाचा. 5 मिलीत 125 मि.ग्रॅ. असेल तर 6 मिली. 5 मिलीत 250 असेल तर 3 मिली. ड्रॉप्स असतील, ज्यात बहुधा 1 मिलीत 100 मि.ग्रॅ. असतात, तर दीड मिली. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्समधूनच 6 मिली पाजले तर बाळाला चौपट डोस गेला. "अर्धा चमचा द्या" असं फोनवर सांगणाऱ्या नातेवाइकांना ठामपणे नाही म्हणा, मापाचं झाकण किंवा सिरिंजच वापरा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर, मग औषध. मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही.

मोठ्यांची चूक वेगळी. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की मोजदाद चुकते. चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा बरीच खाली, ती डॉक्टरांना विचारा. याच गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यावर नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं.

नाकात घालायच्या झायलोमेटाझोलिनने दहा मिनिटांत नाक मोकळं होतं, म्हणून लोक सोडत नाहीत. तीन दिवस, फार तर पाच. पुढे औषधाचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं आणि थेंबांवाचून झोप येत नाही. खोकल्याची सिरपं दोन वर्षांखाली अजिबात नाहीत आणि पाचाखाली सहसा नाहीत. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध बऱ्यापैकी काम करतो. वर्षाच्या आत मध नको, बोट्युलिझमची (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याची) भीती असते.

शिशिरा

खलबत्ता यांच्या प्रत्येक ओळीशी सहमत. मुलांच्या बाबतीत मी एकच गोष्ट सगळ्यांना शिकवेन: श्वास मोजणं.

बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजायचे. रडताना, अंगावर पिताना, ताप चढलेला असताना आकडा फसवतो. झबलं वर करा, पोटाकडे बघा, मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्यांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त: याला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत जलद श्वास म्हणतात. पुन्हा एकदा मोजा, तेवढाच आला तर त्याच दिवशी दाखवा.

पोट उडतंय एवढ्यावरून घाबरू नका, बाळं पोटानेच श्वास घेतात. बघायचं ते वेगळं. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेचा, आत ओढला जातोय का? नाकपुड्या फुलतायत का? कण्हल्यासारखा आवाज येतोय का? दूध ओढणं सुटलंय का? यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. ओठ निळसर किंवा बाळ सुस्त असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स, 108.

मोठ्या माणसात मिनिटाला 30 श्वास, नव्याने बरळणं किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली, हे इशारे. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पहिला दिसलेला आकडा घरच्या ग्रुपवर टाकून गोंधळ घालू नका :)

लसींचं थोडक्यात. न्यूमोकोकलची पीसीव्ही 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: 6 आठवडे, 14 आठवडे, 9 महिने. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी पीसीव्ही डिसेंबर 2020 मध्ये आली. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून ती मे अखेरपर्यंत घेऊन टाकावी. असर यायला दोन आठवडे लागतात.

सुंठगोळी

वाफाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही? आणि जलनेती? आमच्याकडे दोन्ही वर्षानुवर्षं चालतं. लगेच अंधश्रद्धा म्हणू नका.

वातायन

नाही म्हणत. दोन्ही वेगवेगळी आहेत.

वाफारा: मोठ्यांना तात्पुरतं बरं वाटतं, आजार लवकर बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. विषाणू मारण्याइतकी गरम वाफ नाकाला सोसणारच नाही. लहान मुलांना मात्र वाफारा नकोच. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर कलंडून भाजण्याचे प्रकार फार होतात.

जलनेती मला पटते, कारण ती पट्ट्यालाच मदत करते. सुकलेला चिकटा सैल होतो आणि धुऊन जातो. पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून जरा कमी. जमल्यास आयोडीन नसलेलं. नुसतं साधं पाणी घातलं तर नाकात झोंबतं, कारण खारटपणा अंगातल्या द्रवाच्या बरोबरीचा हवा. पाणी उकळून कोमट केलेलंच. इथे तडजोड नाही. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियानात न उकळलेल्या नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे जण मेंदू पोखरणाऱ्या नेग्लेरिया अमीबाने दगावले. हेच पाणी प्यायलं तर काही होत नाही, तो नाकातूनच वर जातो. भांडं दर वेळी धुऊन कोरडं करा. कान दुखत असेल तर नेती थांबवा, आणि नंतर एकाच वेळी दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका. स्राव उलटा कानाकडे ढकलला जातो.

सुंठगोळी

मिठाचं प्रमाण पहिल्यांदाच नीट कळलं. खूप पाणी प्यायल्याने कफ पातळ होतो हे खरं का?

वातायन

अंग कोरडं पडू नये इतकं पुरे. लघवी फिकट पिवळी राहते आहे ना, मग पाण्याचे तांबे रिचवून कफ आणखी पातळ होत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर जास्त पाणी बाधतं.

दीर्घश्वसन

फिजिओथेरपीच्या बाजूने एक भर, कारण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा विषय राहिला.

खोकल्याचे तीन टप्पे: खोल श्वास, साधारण अडीच लिटर, मग कंठ बंद करून पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळणं, मग कंठ एकदम उघडणं. पक्षाघात, पार्किन्सन किंवा नुसता अशक्तपणा असेल तर पहिले दोन टप्पेच नीट होत नाहीत. गिळताना कंठही वेळेवर बंद होत नाही. अन्न, लाळ खाली उतरते, आणि उजवी श्वासनलिका जास्त रुंद आणि सरळ असल्याने बहुधा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात जाते. ठसका येईलच असं नाही. कित्येकांना येत नाही, आणि घरच्यांना वाटतं सगळं व्यवस्थित चाललंय.

भरवताना पाठ जमेल तितकी सरळ, हनुवटी किंचित छातीकडे. लहान चमचा, पहिला घास गिळलाय हे पाहून दुसरा. पाणी आणि चहा सगळ्यात धोक्याचे, कारण ते वेगाने घसरतात. पेज, घट्ट ताक सोपं जातं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही आणि एरवीही उशाकडची बाजू 30 अंश वर. जेवण झाल्यावर आवाज ओला, घरघरता वाटला तर काहीतरी कंठाशी राहिलंय असं समजा आणि दोन-तीनदा खोकायला सांगा.

दात आणि कवळी दिवसातून दोनदा घासणं हा न्यूमोनिया टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण खाली जाणारे जंतू तोंडातलेच असतात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

कफ सुटत नसेल तर पाठ थोपटण्याआधी हे करून बघा: तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन सेकंद धरून; मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतात तसा "हा" असा जोरदार उच्छ्वास, दोनदा; मग एक खोकला. थोडी विश्रांती, पुन्हा तेच. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि पोट भरलेलं असताना नाही. बेडक्यात रक्त दिसलं तर थांबा आणि दाखवा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, मग वय काहीही असो, सरकारी दवाखान्यात बेडक्याची क्षयासाठी मोफत तपासणी होते. ती होण्याआधी दुकानातून लिव्होफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक आणून घेऊ नका. त्याने क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, बेडक्यात सापडत नाहीत, आणि निदान लांबतं.

पेट्रीची_बशी

दीर्घश्वसन, शेवटच्या ओळीला +१. बेडका सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोलवरून खोकून काढलेला हवा. डबीत नुसती लाळ आली तर तपासणी वाया जाते.